वारशाचा कलंक : ‘अल्-आर’ हा अरबी बोलपट

मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारावरील बोलपट म्हटला म्हणजे पाठलाग, पिस्तुलें आणि शेवटीं बेड्या, असें ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. इजिप्तमध्यें १९८२ सालीं निघालेला ‘अल्-आर’ हा अरबी बोलपट मात्र एका प्रतिष्ठित घराच्या उंबरठ्याआंत शिरतो. महमूद अबू झैद यांनीं तो लिहिला व अली अब्दुल खालिक यांनीं दिग्दर्शित केला. ‘आर’ म्हणजे लाज, कलंक.

या घराचा कर्ता पुरुष अत्तार आहे. हा शब्द मराठींत अरबींतूनच आला. परंतु आपल्याकडचा अत्तार सुगंधी द्रव्यें विकतो, तर कैरोचा अत्तार मसाले व औषधी वनस्पतीही विकतो. बाजारांत त्याची पत मोठी. तो अपघातांत अकस्मात् मरण पावतो आणि उघडकीस येतें कीं, दुकान हा नुसता पडदा होता. घराची खरी मिळकत हशीशच्या, म्हणजे चरसाच्या, व्यापारांतली होती. मुलगा कमाल बापाच्या हाताखालीं वाढलेला. त्याला सर्व ठाऊक असतें. त्याचे दोघे भाऊ शिकलेले. शुक्री सरकारी वकील, तर आदिल डॉक्टर. नूर अल्-शरीफ, हुसेन फहमी व महमूद अब्दुल अझीझ यांनीं अनुक्रमें या तिघांच्या भूमिका केल्या आहेत.

बापाचा पैसा शेवटच्या एका मालांत गुंतलेला असतो. तो सोडवावा, तर गुन्ह्यांत हात घालावा लागतो. न सोडवावा, तर वारसा बुडतो. गुन्हेगाराला शिक्षा मागणें हें ज्याचें काम तो शुक्री, आणि रोग्याला बरें करणें हें ज्याचें काम तो आदिल, दोघेही अखेर त्या व्यवहारांत उतरतात. व्यवहार आपण सुरू केलेला नाहीं, एकदांच करावयाचा आहे, अशीं कारणें सुशिक्षित मनाला सहज सुचतात. शिक्षणानें विवेक येतो हें खरें. पण स्वतःच्या लोभाचें समर्थन करण्याची चतुराईही त्याच शिक्षणानें येते, हें या बोलपटाचें मर्म होय.

इजिप्तला हा प्रश्न नवा नव्हता. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेंत हशीशवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण असावें, असा आग्रह इजिप्तचे प्रतिनिधि डॉ. अल्-गिंदी यांनीं धरला होता. १९२९ सालीं कैरोंत मादक द्रव्यांच्या व्यापाराचा माग काढण्यासाठीं स्वतंत्र खातें निघालें. परंतु खातें बंदरावर आणि सरहद्दीवर पहारा ठेवूं शकतें; भावाभावांत रात्रीं चालणाऱ्या बोलण्यावर पहारा कोण ठेवणार?

माल मिठागराच्या पाण्याखालीं दडविलेला असतो. तो खाऱ्या पाण्यानें नासतो. कमालची पत्नी तो वर काढण्यासाठीं पाण्यांत उतरते व बुडते. शुक्री स्वतःवर गोळी झाडून घेतो. आदिलला वेड लागतें. शिक्षा सांगण्यास तेथें न्यायाधीश लागत नाहीं.

बापानें मुलांना विद्या दिली आणि द्रव्यही दिलें. परंतु तें द्रव्य कोठून आलें, हें उजळ माथ्यानें सांगण्याची सोय त्यानें ठेवली नाहीं. ज्या घरांत मिळकतीचा उगम मुलांपासून लपवावा लागतो, त्या घरांतील विद्येचा पाया किती पक्का असणार, हा प्रश्न कैरोपुरताच राहत नाहीं.