फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड? छे!

मंडळी, आपल्या होस्टेलच्या ग्रुपवर दिवसातून निदान एक तरी मीम असं येतं की त्यातला माणूस हा माणूस आहे की भिजलेला पापड, तेच कळत नाही. रंग पिवळट, अक्षरांभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके आणि कोपऱ्यात चार-पाच पेजेसचे शिक्के एकमेकांवर. इंटरनेटवर अशा मीमला 'डीप फ्राईड' म्हणतात. आपल्या भाषेत, त्याच तेलात चौथ्यांदा तळलेला वडा! काही महाभाग फिल्टर लावून मुद्दामही तळतात, पण आपण आपोआप तळल्या जाणाऱ्याबद्दल बोलू.

बऱ्याच जणांना वाटतं की फोटो जितका फिरेल तितका झिजतो, दहाच्या नोटेसारखा. साफ चूक! डिजिटल फोटो म्हणजे नुसते आकडे. तीच फाईल पेनड्राईव्हवरून शंभर वेळा कॉपी करा, एक बिटही हलणार नाही. फोटो बिघडतो तो पुन्हा पुन्हा नव्याने 'सेव्ह' झाल्यामुळे.

जरा हिशोब करू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, म्हणजे झाले ३६ एमबी. मग फोनमध्ये फाईल तीन-चार एमबीचीच कशी? ही करामत १९९२ सालच्या जेपीईजी नावाच्या पद्धतीची. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपीईजी आधी रंगाचा तपशील कमी करतं. मग फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे लहरींच्या भाषेत लिहून काढतं. एम-थ्रीच्या पेपरात ज्या फूरिये साहेबांनी आपल्याला घाम फोडला, त्यांच्याच घराण्यातलं हे गणित. नाव 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. १९७४ साली ते मांडलं नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी. यातले अहमद बंगळूरचे, आपल्यासारखेच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले!

आता खरी मेख. या ६४ आकड्यांना ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांकात बसवतात. बारीक तपशिलाचे बरेच आकडे त्यात शून्य होतात आणि जागा वाचते. आकाश, भिंत, गाल यांना फरक पडत नाही. पण अक्षराची कड म्हणजे काळ्याच्या शेजारी एकदम पांढरं. तिथे बारीक लहरी लागतात, आणि नेमक्या त्याच आपण टाकून दिलेल्या असतात. म्हणून त्या मुंग्या! मराठीची तर आणखी पंचाईत. अनुस्वार हा बिचारा एकच ठिपका. तो गेला की 'रजा मंजूर'चं 'रजा मजूर' होतं.

शून्य झालेला आकडा परत येत नाही. त्यात कोणी स्क्रीनशॉट काढतो, कोणी कडा कातरतो, कोणी स्टिकर चिकटवून स्टेटसला टाकतो. दरवेळी फोटोचा आकार बदलतो, चौकोनांची जाळी सरकते आणि भागाकार नव्याने होतो. वडा पुन्हा कढईत.

मीमचं काय, हसलो आणि विसरलो. पण आमच्या विंगमधल्या एकाची आजी मागच्या वर्षी गेली. फ्रेम करायला फोटो हवा होता. मिळाला तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून आलेला, लग्नातल्या घोळक्याचा. त्यात आजीचा चेहरा जेमतेम २०० ठिपके रुंद. आठ बाय दहा इंचांच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० प्रमाणे २४०० गुणिले ३००० ठिपके लागतात. स्टुडिओवाले काका म्हणाले, "यातनं काही निघायचं नाही." मग त्याने 'फोटो सुधारून देणारं' एक एआय ॲप वापरलं. चेहरा लख्ख झाला, पण कपाळावरचं गोंदण गेलं आणि ओठ कुणा दुसरीचेच आले. त्याची आई बघून म्हणाली, "ह्या कोण बाई?" ॲपचा तरी काय दोष? गेलेले आकडे ते शोधून आणत नाही, अंदाजाने नवे भरतं. शेवटी एका मावसभावाच्या जुन्या मेमरी कार्डवर मूळ फाईल सापडली. गोंदणासकट.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. घरच्या माणसांचे मूळ फोटो फोनखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा, ग्रुपवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. व्हॉट्सॲपवर महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाईल आहे तशी पोचते. काटछाट करायची तर दरवेळी मूळ फाईलवरून करा, आणि नोटीस किंवा नोट्सचा स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा, त्यात आकडे गाळले जात नाहीत. आणि हो, फोटो काढताना डिजिटल झूम ताणण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. तो झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणंच असतं.

सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना उजेडात, खिडकीशेजारी बसवा आणि एक नीट फोटो काढा. आणि गॅदरिंगचे फोटो आमच्याकडे देताना मूळ फाईलच द्या बरं का, नाहीतर छापून येईल तो भिजलेला पापड!