नवशिक्याने संकेतस्थळाचे साधन कसे निवडावे?

लखनऊच्या चौक भागात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंतच्या गल्ल्यांतून चिकनच्या कशिद्याची दुकाने आहेत. या कलेला २००८ साली भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण लाभले. कशिदा पाहणाऱ्याला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. सुई कापडास लागण्यापूर्वीच वेलबुट्टी तेथे उमटलेली असते. कोरीव लाकडी ठसा नीळ व डिंक यांच्या मिश्रणात बुडवून कापडावर उठवितात. त्या निळ्या रेषांवरून कारागीर स्त्रिया बखिया, मुर्री, फंदा, जाली असे निरनिराळे टाके घालतात. अखेर कापड धुतले, की नीळ जाते आणि टाके उरतात.

अशा एखाद्या दुकानदाराला आपला माल आंतरजालावर मांडावयाचा आहे, असे समजू. त्याला संगणकाची आज्ञावली लिहिता येत नाही. तो बाजारात चौकशी करू लागतो, तेव्हा डझनभर साधनांची नावे त्याच्यापुढे येतात आणि प्रत्येकाची जाहिरात तेच सर्वांत सुलभ असल्याचे सांगते. निवड कशी करावी? त्यासाठी आधी पान म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

संकेतस्थळाचे पान हे मुळात साधे लिखित टिपण असते. मजकुराच्या मागेपुढे कोनी कंसात लहान खुणा घातलेल्या असतात : हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र, येथून दुसऱ्या पानाकडे वाट. या खुणांच्या पद्धतीस एचटीएमएल म्हणतात. रंग, अक्षराचा आकार, समास इत्यादी सजावट सीएसएस नामक दुसऱ्या पद्धतीने निराळी लिहितात. वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर या दोन्ही वाचून पान रेखाटतो. कोणतेही साधन घ्या, त्यातून शेवटी निघते ते हेच. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असते. नवशिक्याने एकदा तरी तो उघडून पाहावा. भीती पुष्कळशी ओसरते.

गंमत अशी, की खुणा न लिहिता पान रचण्याची कल्पना नवीन नाही. जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर सिद्ध केला, त्यात पान वाचता येई तसेच तेथल्या तेथे दुरुस्तही करता येई. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांनी वाचण्याची सोय ठेविली, लिहिण्याची टाकली. ती उणीव भरून काढण्यास फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर यांसारखी साधने १९९०च्या दशकात आली. फ्रंटपेज आता इतिहासजमा झाले आहे.

आजच्या साधनांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. विक्स, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स ही पहिल्या वर्गातील : ब्राउझरमध्येच चित्रे व मजकूर उचलून हव्या त्या जागी ठेवावयाचे, पान साठविण्याची जागाही तीच कंपनी पुरविते. दुसऱ्या वर्गात २००३ साली निघालेले वर्डप्रेस. त्याची आज्ञावली कोणासही विनामूल्य घेता येते आणि जगातील एकूण संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्थळे त्यावर चालतात. तिसरा मार्ग स्वतः खुणा लिहिण्याचा. पाचदहा पानांच्या स्थळासाठी तो वाटतो तितका बिकट नाही, मात्र सवड हवी.

या साधनांबरोबर तयार रचना मिळतात. त्यांना इंग्रजीवरून ‘टेम्प्लेट’ म्हणतात. मला ‘ठसा’ हा शब्द अधिक पटतो. चौकातला ठसा धुऊन जातो, हा तिचा नि याचा भेद. संकेतस्थळाचा ठसा कायम राहतो, आणि काही साधनांत एकदा उठविला की बदलताही येत नाही, सर्व मजकूर पुन्हा भरावा लागतो. म्हणून ठशाच्या देखणेपणावर भाळून साधन घेऊ नये. ठशातील चित्रे काढून टाकून आपली दोन साधी छायाचित्रे घालावी, आणि मग पाहावे.

पहिला खरा प्रश्न हा : उद्या येथून उठून जावयाचे झाल्यास काय बरोबर नेता येईल? १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज या सेवेवर असंख्य हौशी लोकांनी पाने रचली होती. १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि २००९ साली बंद केली. ज्यांनी आपल्या पानांची नक्कल ठेविली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काही उरले नाही. विक्सवर बांधलेले स्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्याच्या संगणकावर चालविता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून काही भागच बाहेर काढता येतो. वर्डप्रेसचा मजकूर पूर्ण काढून घेता येतो; पण स्वतःच्या जागेवर ते चालविल्यास वेळोवेळी नवी आवृत्ती बसविणे व जोडप्रणाली सुरक्षित ठेवणे हे काम आपल्या गळ्यात पडते. ज्याला हे करावयास माणूस नाही, त्याने पहिला वर्ग घेण्यात कमीपणा मानू नये. मजकूर व मूळ छायाचित्रे मात्र स्वतःपाशी निराळी जपावी.

दुसरा प्रश्न लिपीचा, आणि आपल्याकडे तो हटकून विसरला जातो. चौकातील दुकानदाराला हिंदीबरोबर उर्दूही लागेल. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि तिचे नस्तालिक वळण उतरते असते. ओळींमधले अंतर अपुरे असेल तर अक्षरे एकमेकांवर चढतात. मराठी वाचकाने ‘तऱ्हा’, ‘ज्ञान’, ‘लखनऊ’ हे शब्द टंकून पाहावे. शीर्षकाच्या मात्रा वरून छाटल्या जात असतील, अथवा ‘तऱ्हा’तील ‘र’ मोडत असेल, तर तो ठसा सोडावा. देवनागरीचा टंक आहे एवढ्या आश्वासनावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट वजनाची. पांढऱ्या कापडावरील पांढरा टाका दिसावा म्हणून दुकानदार मोठमोठी छायाचित्रे घालतो. भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र सहज तीनचार मेगाबाइट भरते. अशी वीस एका पानावर आली, की मंद जोडणीवरचा ग्राहक वाट पाहून निघून जातो. रुंदी सुमारे पंधराशे बिंदूंपर्यंत आणली तरी टाके स्पष्ट दिसतात, मात्र प्रकाश बाजूने पडलेला हवा. काही साधने हे लहान करण्याचे काम आपण होऊन करतात. ते विचारून घ्यावे. प्रत्येक चित्रास शब्दांत वर्णन जोडण्याची सोयही पाहावी, कारण अंध वाचकाचे यंत्र तेच वाचून दाखविते.

फुकट योजनेत बहुधा कंपनीची जाहिरात आणि तिच्याच नावाचे शेपूट असलेला पत्ता मिळतो. सरावाला ते पुरे. दुकान मांडावयाचे झाल्यास पत्ता विकत घ्यावा, आणि तो बांधून देणाऱ्या कारागिराच्या नव्हे, दुकानदाराच्या नावावर नोंदवावा. २०१४ सालापासून ‘.भारत’ हे देवनागरी शेपूटही उपलब्ध आहे.