एकास सदतीसचा चढ

तिसगावहून सायकलवर नगर गाठायचं, तर करंजी घाट टळत नाही. आधी दम लागतो, मग पोटऱ्या भरून येतात आणि शेवटी बरेच जण उतरून सायकल हातानं ढकलतात. या भागात रेल्वे नाही. असती, तर तिनं हा डोंगर असा अंगावर घेतला नसता.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. म्हणून रेल्वेवाले डोंगराला वळसा घालतात, बोगदा खणतात, दरीवर पूल टाकतात, पण चढ वाढू देत नाहीत. गाडी बंद होऊन रूळ उखडले की तोच मंद चढ सायकलवाल्याला आयता मिळतो.

न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल लोहमार्ग 1990 मध्ये बंद झाला आणि 2000 मध्ये त्याच वाटेवर 152 किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. दक्षिण स्पेनमधल्या सिएरा मार्गाची गोष्ट त्याहून वेगळी. 36 किलोमीटर, 30 बोगदे, 4 मोठे पूल, एवढं सारं 1920च्या दशकात बांधायला घेतलं आणि गाडी एकही धावली नाही. आज त्या बोगद्यांतून सायकली जातात आणि झाफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालताना दिसतात.

महाराष्ट्रात असा सोडून दिलेला लोहमार्गाचा तुकडा बोरघाटात आहे.

तिथल्या लोहमार्गाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. 1859 मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर लवकरच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ठेका पुढे चालवला. 1863 मध्ये गाडी घाट चढली. 25 बोगदे खणूनही चढ एकास सदतीस राहिला, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा खडा चढ. म्हणूनच आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, आणि तेवढ्यात प्रवाशांचे वडे खाऊन होतात. सायकलवाल्याला मात्र हाच चढ गप्पा मारत चढण्याजोगा.

खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर गाडी वळवायला जागाच नव्हती. मग तिथं रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी आत शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि ती उलट्या दिशेनं वर निघायची. 1929 मध्ये नवे बोगदे झाले, विजेची इंजिनं आली आणि तो तुकडा सुटला. त्यावरच्या जुन्या पुलाच्या दगडी कमानी मात्र अजून उभ्या आहेत.

घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगरानं दाखवली, असं सांगतात. सोपा चढ कुठला, हे मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या पायांनाच ठाऊक. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले चालत्या गाडीच्या खिडकीतून नाणं टाकतात आणि पुढे जातात. सायकलवाल्याला खिडकी नाही. तो उतरतो, नाणं ठेवतो आणि जरा वेळ तिथंच टेकतो.