कावेरीने ठरवलेल्या तारखा

म्हैसूरच्या गोकुलमहून श्रीरंगपट्टण जेमतेम पंधरा किलोमीटर. म्हैसूरची मराठी कुटुंबं पाहुण्यांना तिथे हमखास नेतात. रंगनाथाचं दर्शन, दरिया दौलत, संगमावर थोडा वेळ आणि जेवायला घरी. आपण एका बेटावर जाऊन आलो, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कावेरी इथे दुभंगते, पूर्वेला संगमावर पुन्हा एक होते. मधली सुमारे पाच किलोमीटर लांबीची चिंचोळी जमीन म्हणजे श्रीरंगपट्टण.

कॅरिबियनमधल्या चिमुकल्या सेंट लुसिया बेटाचा ताबा इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा बदलला असं सांगतात. तिथे मोल होतं बंदराचं आणि उसाचं. श्रीरंगपट्टणचं मोल होतं भोवतालच्या पाण्याचं. १६१० मध्ये राजा वडियारांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून हे बेट घेतलं आणि राजधानी इथे आणली, ती पुढे जवळजवळ दोनशे वर्षं राहिली. पावसाळ्यात नदी फुगली की किल्ल्याला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. म्हणून शत्रू बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर येत.

मराठेही तसेच आले. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठ्यांनी मेलुकोट्याजवळ मोती तलावापाशी, म्हैसूरची सत्ता हाती घेतलेल्या हैदरअलीचा दणदणीत पराभव केला. हैदर कसाबसा निसटून बेटावर पोचला. त्रिंबकरावांनी वेढा घातला, पण तट फोडतील अशा तोफा हाताशी नव्हत्या. मैदान मराठ्यांनी मारलं, बेट हैदरकडेच राहिलं.

मे १७९१ मध्ये हैदरचा मुलगा टिपू याच्यावर इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस चालून आला, तो उशिरा. अरिकेऱ्याची लढाई जिंकूनही त्याचे बैल मरत होते, धान्य संपलं होतं, पाऊस सुरू झाला होता. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून तो मागे फिरला. त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठी छावणीबरोबर आख्खा बाजार चालत असे. त्यात धान्य होतं, गुरं होती, काश्मिरी शालीसुद्धा होत्या. उपाशी इंग्रज फौजेला त्या बाजाराने जगवलं. शालेय पुस्तकांत पुढच्या वर्षीचा तह सापडतो, हा बाजार सापडत नाही. माझ्या मते मोहीम तगली ती त्याच्यामुळे.

पुढच्या खेपेला तारीख चुकली नाही. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री हल्ला झाला. मार्चमधल्या तहाने टिपूचं निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपये दंड बसला, दोन मुलगे ओलीस गेले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. १७९९ च्या युद्धात पेशवे उतरले नाहीत. ४ मेच्या भर दुपारी इंग्रजांच्या तुकड्या उथळ, खडकाळ पात्रातून चालत तटाच्या खिंडारावर चढल्या आणि टिपू लढता लढता पडला. पावसाळा काही आठवड्यांवर होता. महिनाभर तट टिकला असता, तर नदीने पुन्हा एकदा राजधानी राखली असती.

त्यानंतर बेटाचं महत्त्व ओसरलं. वडियारांचं राज्य म्हैसूरला पुन्हा स्थापन झालं, बेट कंपनीकडे गेलं. तापाच्या साथींना कंटाळून इंग्रजांनी १८०९ मध्ये छावणी बंगळूरला हलवली. राजवाड्याचे आज अवशेषच उरलेत. दरिया दौलतच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मात्र १७८० ची पोल्लिलूरची लढाई अजून रंगलेली आहे: इंग्रजांचा चौकोनी व्यूह, स्फोट होऊन उडालेला दारूगाडा, पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली. १८०४ मध्ये दिवाण पूर्णय्यांच्या देखरेखीखाली बांधलेला दगडी खांबांचा पूलही उभा आहे. १९३२ मध्ये वरच्या अंगाला कृष्णराजसागर पूर्ण झालं, तेव्हापासून बेटाजवळ पाणी किती यायचं हे धरणाचे दरवाजे ठरवतात.

पुढच्या वेळी पाहुण्यांना न्याल तेव्हा एप्रिल-मे निवडा. ऊन सोसेल तेवढा वेळ पश्चिमेच्या तटावर, खिंडाराजवळच्या स्मारकस्तंभापाशी उभे राहा आणि उघडं पडलेलं पात्र पाहा. म्हैसूर पुन्हा राजधानी झालं, वाढलं, त्यात आपलं गोकुलम वसलं, त्याचं मूळ मे महिन्यातल्या त्या उथळ पाण्यात आहे.