वर्षाचा आवडता हिप-हॉप अल्बम कोण ठरवतं? तुम्ही की अ‍ॅप?

डिसेंबर आला की सगळ्यांच्या स्टेटसवर स्पॉटिफाय रॅप्डचे रंगीत स्क्रीनशॉट दिसायला लागतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मीही आमच्या ग्रुपवर वर्षातल्या हिप-हॉप अल्बमची यादी टाकली. एक नंबरला केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स'. एका मित्राने लगेच विचारलं, "शेवटचं गाणं कसं वाटलं?" मला त्याचं नावही आठवेना. मग ज्या अल्बमला मी वर्षातला सर्वोत्तम म्हणत होतो, तो मी खरंच ऐकला होता का?

अ‍ॅप नेमकं काय मोजतं?

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. म्हणजे ३१ व्या सेकंदाला पुढे ढकललेलं गाणं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलेलं गाणं, दोन्हींची मोजणी सारखीच.

आता गणित बघा. 'जीएनएक्स'मधलं 'स्क्वॅबल अप' अडीच मिनिटांच्या थोडं वर आहे. जिममध्ये अर्धा तास लूपवर लावलं तर ११ वेळा वाजतं. तेवढ्या वेळात ४४ मिनिटांचा पूर्ण अल्बम एकदाही संपत नाही. त्यामुळे आकड्यांत लूपवरचं गाणं कायम पुढे राहतं.

तारखेचाही घोळ आहे. रॅप्डची मोजणी ते बाहेर येण्याच्या काही आठवडे आधीच थांबते. २०२४ चं रॅप्ड ४ डिसेंबरला आलं. टायलर, द क्रिएटरचा 'क्रोमाकोपिया' आला २८ ऑक्टोबरला आणि 'जीएनएक्स' तर कसलीही आगाऊ घोषणा न करता २२ नोव्हेंबरला. वर्षाच्या शेवटी आलेल्या अशा अल्बमना त्यात जागा मिळणार कशी?

मी माझा डेटा मागवला

स्पॉटिफायच्या वेबसाइटवर, तुमच्या खात्याच्या प्रायव्हसी पानावर 'एक्स्टेंडेड स्ट्रीमिंग हिस्टरी' मागवता येते. ती यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक गाण्यासमोर ते किती मिलिसेकंद वाजलं, शफल चालू होतं का आणि गाणं पूर्ण संपलं की मध्येच बदललं, हे सगळं लिहिलेलं असतं.

मी छोटी स्क्रिप्ट लिहून अल्बमप्रमाणे बेरीज केली. 'जीएनएक्स'चा बहुतेक वेळ दोनच गाण्यांचा निघाला, तोही जिमच्या वेळेतला. शेवटचं 'ग्लोरिया' फक्त एकदा वाजलं होतं, तेही अर्धवट. याउलट डोचीचं 'अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील' मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, सहा वेळा ऐकलं होतं. १९ गाण्यांचं हे मिक्सटेप माझ्या यादीत चौथ्या नंबरला होतं! ग्रुपवर सगळे 'जीएनएक्स' म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. एवढं साधं होतं ते.

मग काय करायचं?

१. पहिल्यांदा ऐकताना शफल बंद, क्रॉसफेड शून्यावर आणि फोन सायलेंटवर ठेवा. अल्बममध्ये गाण्यांच्या क्रमाला अर्थ असतो. 'क्रोमाकोपिया'त टायलरच्या आईचा आवाज अधूनमधून येत राहतो. 'जीएनएक्स'मध्ये मारियाची गायिका डेरा बरेराचा आवाज अगदी सुरुवातीला येतो आणि पुढेही परत येतो. शफलवर हे धागे तुटतात.

२. जिमची, पार्टीची गाणी वेगळ्या प्लेलिस्टमध्ये टाका आणि तिच्या मेनूमधून 'एक्सक्लूड फ्रॉम टेस्ट प्रोफाइल' निवडा. मग त्या गाण्यांचा तुम्हाला येणाऱ्या शिफारशींवरचा प्रभाव कमी होतो.

३. नोट्स अ‍ॅपमध्ये प्रत्येक अल्बमसाठी एक ओळ लिहा: तारीख आणि काय लक्षात राहिलं. तीन आठवड्यांनी अल्बम न उघडता आठवून बघा. दुसऱ्या अर्ध्या भागातलं एकही गाणं आठवलं नाही तर आणखी एकदा ऐका, मगच नंबर द्या.

डेटा मागवणं जमलं नाही तरी चालेल. तिसरी सवय एकटीच पुरेशी आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. तुम्ही अल्बम ऐकला की नाही, एवढंच फाइल सांगते. तो आवडला की नाही, हे तिला माहीत नसतं. म्हणून आकडे बघून झाल्यावर मी दोन्ही पुन्हा पूर्ण ऐकले. 'ग्लोरिया' जबरदस्त निघालं आणि 'जीएनएक्स' दुसऱ्या नंबरवर टिकला. पहिला नंबर डोचीला दिला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तिलाच सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा ग्रुपवर मी थोडा भाव खाल्ला. पण ते नसतं मिळालं तरी यादी बदलली नसती, कारण आता कुणी त्यातल्या शेवटच्या गाण्याबद्दल विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे.