पाण्यातला रंग खाणारी पावडर आणि एक लोहचुंबक

परवा मित्राने एक रील पाठवली. निळ्या पाण्यात तपकिरी पावडर टाकली, ग्लास उन्हात ठेवला, थोड्या वेळाने पाणी नितळ. मग ग्लासला बाहेरून लोहचुंबक लावला आणि सगळी पावडर त्या बाजूला जाऊन चिकटली. 'फेक आहे ना?' मित्राचा प्रश्न.

फेक असेलच असं नाही. हे खरंच होतं.

माझं आजोळ इचलकरंजीचं, त्यामुळे रंगीत सांडपाणी मला नवीन नाही. कापड रंगवताना सगळा रंग धाग्यात बसत नाही, उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. आणि हे रंग धुण्याने, उन्हाने जाऊ नयेत असेच बनवलेले असतात! मग सांडपाण्यातले जीवाणू तरी ते सहज कसे फोडणार?

तिथे फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाशावर काम करणारा उत्प्रेरक, उपयोगी पडतो. सगळ्यात प्रसिद्ध टायटॅनियम डायऑक्साइड. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये आणि सनस्क्रीनमध्ये असतो तोच. त्यावर अतिनील किरण पडले की आतला इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते. पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी क्रिया होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते इतके आक्रमक असतात की रंगाचा रेणू तोडत सुटतात. अडचण अशी, की उन्हात अतिनील भाग जेमतेम पाच टक्के.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. ही पावडर नॅनो असते. २५ नॅनोमीटरचे कण घेतले तर केसाच्या जाडीत तीनेक हजार मावतील. साध्या गाळणीतून त्या आरपार जातात. म्हणजे रंग काढायला गेलो आणि पावडर नदीत सोडून आलो! म्हणून कणाच्या पोटात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढला जाणारा लोहाचा ऑक्साइड, ठेवतात. चुंबक पाणी साफ करत नाही, तो फक्त पावडर परत गोळा करतो, पुन्हा वापरायला.

पण लोह थेट टायटॅनियमला चिकटलं तर खेळ बिघडतो. उडी मारलेला इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा लोहाच्या ऑक्साइडमध्ये जाऊन एकमेकांना भेटतात, काम तिथेच संपतं. वर लोहही पाण्यात विरघळायला लागतं. म्हणून मध्ये सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाचा, पातळ थर देतात. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हा थरच वाटतो.

आता मित्राला मी उलट दोन प्रश्न पाठवलेत. एक, हाच ग्लास अंधारात ठेवून पाहिला का? कारण रंग नुसता पावडरीला चिकटूनही पाणी नितळ दिसतं. दोन, नंतर सीओडी मोजला का? रेणूचा रंग देणारा भाग तुटला की डोळ्याला आणि फोनच्या कॅमेऱ्याला पाणी स्वच्छ वाटतं, पण उरलेले तुकडे पाण्यातच असतात, आणि काही तुकडे मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात.

ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.