डोक्यात अचानक सापडलेली गाठ: घाबरू नका, दुर्लक्षही करू नका

मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला, की हल्ली स्कॅन काढतात. मार किरकोळ निघतो. पण अहवालात कधीकधी भलतीच ओळ असते: ‘पिट्युटरी ग्रंथीत गाठ’. सावद्याहून सातपुड्याच्या पाड्यांवर आरोग्यसेवेसाठी जाताना असा कागद घरच्यांनी मला दाखवला, की पहिला प्रश्न असतो, “कॅन्सर आहे का?” कोणी भीतीने बकऱ्या विकायला काढतो, कोणी कागद पेटीत टाकून गप्प बसतो. दोन्ही चूक.

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे असते. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. थायरॉईड, मासिक पाळी, अंगावरचे दूध, शरीराची वाढ हे सारे तिच्या हुकमाने चालते. इतर कारणांनी वारलेल्यांच्या शवविच्छेदनात साधारण 10 जणांमागे एकाच्या ग्रंथीत बारीक गाठ आढळते. या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात आणि अनेकांना जन्मभर त्रासही देत नाहीत.

म्हणून डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. पहिली, गाठीमुळे संप्रेरके कमीजास्त झाली आहेत का? त्यासाठी रक्त तपासतात: प्रोलॅक्टिन, थायरॉईड, सकाळचे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक. दुसरी, गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबते आहे का? 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीत हा धोका अधिक. बाजूचे दिसणे कमी होते.

बाळंतपण नसताना अंगावर दूध येणे, पाळी बंद होणे, चप्पल-अंगठी घट्ट होत जाणे, चेहरा गोल होऊन पोटावर जांभळे पट्टे उठणे, ही लक्षणे सांगायला लाजू नका. प्रोलॅक्टिन वाढले की मूल राहत नाही. अशा बाईला गाव वांझ म्हणून बोल लावते. खरे तर हा आजार बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात येतो, गाठही लहान होते.

त्रास नसलेल्या लहान गाठीला बहुधा वर्षाने पुन्हा एमआरआय पुरतो, मोठीला सहा महिन्यांनी. शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुतेक वेळा नाकातून होते. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी दाखवा; पुढे गरज पडल्यास मुंबईच्या केईएम रुग्णालयात संप्रेरकांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड सोबत ठेवा.

मात्र एकाएकी भयंकर डोके दुखून उलट्या झाल्या, दिसेनासे झाले, तर भगताकडे वेळ घालवू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा. आणि स्कॅनचा कागद जपून ठेवा. पुढच्या तपासणीत गाठ वाढली की तेवढीच आहे, हे त्यावरूनच कळते.